लोण्याशेजारचें घासलेट

आमच्या वस्तीच्या तोंडाशीं, हमरस्त्याला लागून, एक पडीक भूखंड आहे. दहा-बारा वर्षें तेथें बाभळी वाढल्या, मुलांनीं क्रिकेट खेळून घेतलें आणि गणेशोत्सवांत मांडव पडला. गेल्या पावसाळ्यानंतर एके सकाळीं तेथें चुन्याच्या रेघा उमटलेल्या आणि खुंट्या ठोकलेल्या दिसल्या. दुपारपर्यंत घरोघर बातमी पोहोंचली कीं, येथें पेट्रोलचा पंप होणार आणि त्याला जोडून रात्रंदिवस उघडें राहणारें एक दुकानही निघणार. सायंकाळीं पांच-सहा शेजारी माझ्या ओसरीवर जमले. 'गुरुजी, तुमचें अक्षर चांगलें, भाषाही चांगली. हरकतीचा अर्ज तुम्हीच लिहा.' आतां अर्ज यंत्रावर छापले जातात, अक्षराचा प्रश्न उरलेला नाहीं; पण छत्तीस वर्षें शाळेंत काढलेल्या माणसाला अशी विनंती नाकारवत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं भूखंडाचा मालक स्वतःच घरीं आला. तो माझा जुना विद्यार्थी. पायां पडला, चहा घेतला आणि उठतांना हंसून म्हणाला, 'गुरुजी, तुमची फटफटी काय पाण्यावर चालते? पंप कोणाच्या तरी शेजारीं असायचाच ना?'

या प्रश्नाचें उत्तर मला त्या क्षणीं देतां आलें नाहीं. म्हणून अर्ज बाजूस ठेवून मीं आधीं पुस्तकें उघडलीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां आज जें सांगणार आहें तें पंडिताचें संशोधन नव्हे, एका शेजाऱ्यानें स्वतःची समजूत पटविण्यासाठीं केलेलें वाचन आहे. पंप आणि वस्ती यांचा तंटा अमेरिकेंत सर्वांत अधिक वेळां लढला गेला, म्हणून बहुतेक हकीकत तिकडचीच आहे.

पेनसिल्व्हेनियांतील टायटसव्हिल येथें १८५९ सालीं एडविन ड्रेक यानें विहीर पाडून खनिज तेल वर काढलें, तेव्हां मोटारगाडी कोणाच्या स्वप्नांतही नव्हती. लोकांना हवें होतें तें दिव्याचें तेल. आपल्या घरांत रूढ झालेला 'रॉकेल' हा शब्द 'रॉक ऑइल' म्हणजे खडकांतलें तेल या नांवाचा अपभ्रंश, आणि 'घासलेट' हा 'गॅसलाइट'चा, असें सांगतात. हें तेल शुद्ध करतांना जो हलका, चटकन् पेट घेणारा भाग निघे त्याला गिऱ्हाईक नव्हतें. पुष्कळ कारखानदार तो नदीनाल्यांत सोडून देत. त्या टाकाऊ भागाचेंच नांव पेट्रोल.

घासलेट विकत असे किराणा दुकानदार, जसा आपल्याकडे वाणी विकी. इंडियाना संस्थानांतील फोर्ट वेन या गांवीं जेक गंपर नांवाचा एक दुकानदार होता. त्याच्या दुकानांत घासलेटाचें पिंप आणि लोण्याचें पिंप शेजारीं शेजारीं उभीं असत. घासलेट पाझरे, त्याची चव लोण्याला लागे आणि गिऱ्हाइकें तक्रार करीत. त्याच गांवच्या सिल्व्हेनस बाउझर यानें ५ सप्टेंबर १८८५ रोजीं गंपरला एक यंत्र विकलें. दांडा ओढला कीं पिंपांतून ठराविक माप तेल वर येई, सांडलवंड होत नसे. लोण्याच्या गोष्टींत कालांतरानें थोडा मीठमसाला पडला असेल. पण यंत्र, तारीख आणि गिऱ्हाईक हीं तिन्ही खरीं आहेत. आजच्या पेट्रोलपंपाचा आजा तो हाच. म्हणजे पंपाचा जन्म मोटारीसाठीं झालाच नाहीं. तेल आणि खाण्याचे पदार्थ यांची फारकत करण्यासाठीं तो जन्मला, आणि पुढें शंभर वर्षांच्या आंत त्यानेंच तीं दोन पिंपें पुन्हां एका छपराखालीं आणून ठेविलीं.

मोटार आली तेव्हां पेट्रोल विकणारें असें दुकान कोठेंच नव्हतें. ऑगस्ट १८८८ मध्यें कार्ल बेन्झ याची पत्नी बर्था आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगतां, त्याच्या तीनचाकी गाडींतून मान्हाइमहून फोर्ट्झहाइमला आईकडे निघाली. वाटेंत इंधन संपलें तें तिनें विसलोख गांवच्या औषधाच्या दुकानांतून घेतलें. कारण तसला द्रव तेव्हां डाग काढण्यासाठीं तेथें ठेवीत असत. अमेरिकेंतही आरंभीं लोक डबे घेऊन किराणा दुकानांत, लोखंडी सामानाच्या दुकानांत किंवा घोड्यांच्या तबेल्यांत जात आणि नरसाळ्यानें गाडींत तेल ओतीत. १९०५ सालीं सेंट लुइस शहरांत दोघा भागीदारांनीं एका उंच टांकीला बागेंत पाणी घालावयाची नळी लावली आणि थेट गाडींत पेट्रोल सोडण्याचा धंदा मांडला. मग रस्त्याच्या कडेलाच, पदपथावर, पंप उभे राहूं लागले. किराणा दुकानदार, शिंपी, लोहार, ज्याला त्याला दारांत एक पंप असावासें वाटूं लागलें.

शेजाऱ्यांच्या तक्रारींचा आरंभ या पदपथावरच्या पंपांपासून होतो. एक गाडी तेल घेण्यास थांबली कीं मागची वाहतूक अडे. चालणाऱ्यांना वाट उरत नसे. कोणीतरी विडी ओढत जाई, आणि तेथेंच उघड्या नळींतून पेट्रोल ठिबकत असे. १९२० नंतरच्या थोड्या वर्षांत एकामागून एक शहरांनीं असे पंप बंद केले. त्यांना पर्याय आधींच निघाला होता. १ डिसेंबर १९१३ रोजीं पिट्सबर्ग शहरांत बॉम बुलेव्हार या रस्त्यावर गल्फ कंपनीनें आपल्याच जागेंत, रस्त्यापासून आंत, छपराखालीं एक केंद्र उघडलें. पहिल्या दिवशीं विक्री झाली अवघी ३० गॅलन, २७ सेंट गॅलनप्रमाणें. हवा आणि पाणी फुकट. तें रात्रभर उघडें असे, हेंही नोंदण्याजोगें आहे. रात्रीच्या दिव्यांची तक्रार येथूनच पुढें आली.

रस्त्यावरचा पंप आंत गेला तसा वाहतुकीचा प्रश्न हलका झाला, पण शेजाऱ्यांचा वाढला. पूर्वीं पंप दुकानाच्या दारांत असे; आतां त्याला कोपऱ्याचा सबंध भूखंड हवा होता. १९२० च्या सुमारास त्या देशांत अशीं सुमारें १५,००० केंद्रें होतीं. १९२९ च्या शिरगणतींत तीं १,२०,००० च्या वर गेलीं. एवढीं केंद्रें माळावर उभीं राहिलीं नाहींत. चौकांतली चांगलीं घरें पाडून तेथें पंप आले, आणि ज्याच्या भिंतीला भिंत लागून पंप आला त्याच्या घराची किंमत एका रात्रींत उतरली.

याच काळांत शहरांचे विभाग पाडून कोणत्या भागांत काय बांधावें हें कायद्यानें ठरविण्याची पद्धत तिकडे रूढ होऊं लागली होती. न्यू यॉर्क शहरानें १९१६ मध्यें असा ठराव केला. ओहायो संस्थानांत क्लीव्हलंडजवळ युक्लिड नांवाचें तेव्हां लहान गांव होतें. भूमितीच्या पंतोजींचेंच नांव त्याला दिलें आहे, आणि तें वाचून मला आमचा जुना वर्ग आठवला. त्या गांवानें १९२२ सालीं सारी जमीन उपयोगाप्रमाणें सहा वर्गांत वांटली. अँब्लर नांवाच्या जमीनविक्या कंपनीची तेथें ६८ एकर जमीन होती. तिचें म्हणणें असें कीं, कारखान्यांसाठीं विकली तर एकरी १०,००० डॉलर मिळतील, घरांसाठीं विकली तर २,५००. तेव्हां गांवानें आमची मालमत्ता लुबाडली. तंटा वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला आणि २२ नोव्हेंबर १९२६ रोजीं सहा विरुद्ध तीन मतांनीं गांव जिंकलें. न्यायमूर्ति सदरलंड यांनीं उपद्रव म्हणजे काय हें समजावितांना डुकराचा दृष्टान्त दिला: गोठ्यांत तें योग्यच, पण दिवाणखान्यांत आलें कीं उपद्रव. म्हणजे वस्तु वाईट नसूनही जागा चुकीची असूं शकते. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मला येथें मिळालें.

मीं त्या सहा वर्गांची यादी मुद्दाम पाहिली. पेट्रोलचीं केंद्रें चौथ्या वर्गांत होतीं. टांकी १,००० गॅलनांहून मोठी नसावी ही अट. आणि त्याच ओळींत, पेट्रोलच्या लगतच, दुसरें नांव होतें तें बर्फ वांटण्याच्या केंद्राचें. बर्फाचा आणि पेट्रोलचा काय संबंध, असें आपणांस वाटेल. मलाही वाटलें होतें. तो पुढें कळेल.

कायद्यानें दार लावलें म्हणजे व्यापारी घरीं बसतो असें नाहीं. तो वेष पालटून येतो. वस्तीचे लोक कुरूपतेविषयीं ओरडतात हें पाहून तेलकंपन्यांनीं पंपांना घरांचें रूप दिलें. प्युअर ऑइल कंपनीनें १९२७ सालापासून आपलीं केंद्रें इंग्लंडांतील खेडेगांवच्या झोंपडीसारखीं बांधलीं: उतरतें निळें कौलारू छप्पर, दोन बाजूंस धुराडीं, खिडकीखालीं फुलझाडें. सी. ए. पीटरसन या आराखडेकाराची ही कल्पना. चित्रें पाहिलीं तर तीं खरोखर गोजिरवाणीं आहेत. छपराखालीं मात्र तेंच तेल होतें आणि जमिनीखालीं तीच लोखंडी टांकी. इंग्लंडांतही तक्रार प्रथम सौंदर्याचीच होती. तेथें १९२८ च्या पेट्रोलियम कायद्यानें स्थानिक संस्थांना पंपांच्या बाह्य स्वरूपावर नियम करण्याचा अधिकार दिला. डोळ्यांना जें खुपतें त्याविरुद्ध माणूस आधीं ओरडतो. टांकीचा गंज कोणाला दिसतो?

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. सर्वांनाच पंप नको होता असें नाहीं. अमेरिकेंतील काळ्या लोकांना त्या काळीं प्रवासांत पुष्कळ ठिकाणीं तेल मिळत नसे, शौचकूप वापरूं देत नसत, रात्रीं आसरा मिळत नसे. न्यू यॉर्कचा टपालवाला व्हिक्टर ग्रीन यानें १९३६ पासून त्यांच्यासाठीं एक मार्गदर्शिका काढली. कोठें सन्मानानें वागवितात त्या जागा तींत असत. एस्सो कंपनीचीं केंद्रें काळ्या गिऱ्हाइकांना तेल देत आणि ही पुस्तिकाही तेथें मिळे. अशा प्रवाशाला पंपाचा दिवा दुरून दिसणें म्हणजे काय असेल याची कल्पना आमच्या ओसरीवर बसून येणार नाहीं. पण याच हकीकतीची दुसरी बाजू अशी कीं, विभागांचे नियम करतांना श्रीमंतांच्या बंगल्यांभोंवतीं कुंपण पडलें आणि धूर, गोदामें, गॅरेजें हीं सारीं गरिबांच्या व काळ्यांच्या आळ्यांकडे ढकललीं गेलीं. दिवाणखान्यांतून हांकललेलें डुकर कोणाच्या तरी अंगणांत शिरलेंच. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उरलेलें अर्धें उत्तर या वाक्यापाशीं अडतें, आणि तें मला अजून सुटलेलें नाहीं.

आतां बर्फाकडे येतों. टेक्सासमधील डॅलस शहरीं साउथलंड आइस नांवाची बर्फाची कंपनी होती. घरोघरच्या पेट्यांत घालण्यासाठीं लोक बर्फाच्या लाद्या घेण्यास तिच्या ओट्यावर येत. हा ओटा संध्याकाळीं आणि रविवारींही उघडा असे, तेव्हां किराणा दुकानें बंद असत. १९२७ सालीं तेथील एका माणसानें बर्फाबरोबर दूध, अंडीं आणि पाव ठेवण्यास आरंभ केला. गिऱ्हाइकांना ही सोय फार आवडली. पुढें विजेचीं शीतकपाटें घरोघर आलीं, बर्फाचा धंदा बसला, पण त्याच्या ओट्यावरचें दुकान राहिलें. १९४६ सालीं त्याला 'सेव्हन इलेव्हन' हें नांव मिळालें, कारण तें सकाळीं सातपासून रात्रीं अकरापर्यंत उघडें असे. तेव्हां ही वेळ लोकांना अतिशय वाटे. १९६३ मध्यें ऑस्टिन शहरांत, विश्वविद्यालयाजवळच्या एका दुकानीं फुटबॉलच्या सामन्यानंतर इतकी गर्दी लोटली कीं तें रात्रभर मिटतांच आलें नाहीं. तेथून चोवीस तासांचा प्रघात पडला. नांवांत सात आणि अकरा तसेच राहिले, घड्याळ मात्र निघून गेलें.

पंपावर पूर्वीं गाडीची दुरुस्ती होई, कांचा पुसून देत, चाकांत हवा भरून देत; म्हणूनच त्याला 'सेवाकेंद्र' म्हणत. स्वतःच तेल भरून घेण्याची रीत लॉस एंजेलिसच्या एका पंपवाल्यानें १९४७ मध्यें पाडली, तरी आगीच्या भीतीनें पुष्कळ संस्थानांत ती बरींच वर्षें बेकायदा होती. न्यू जर्सीमध्यें १९४९ चा तसा कायदा अजूनही चालू आहे. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें, भाव भडकले, रांगा लागल्या. त्या काळीं अमेरिकेंत दोन लक्षांहून अधिक केंद्रें होतीं. पुढच्या वर्षांत त्यांतलीं हजारों बंद पडलीं. जीं तगलीं त्यांना कळून चुकलें कीं, पेट्रोलवर सुटणारा पैसा थोडा, चहा-कॉफी आणि खाऊवर सुटणारा पुष्कळ. दुरुस्तीची जागा बुजवून त्यांनीं तेथें कपाटें मांडलीं. दुसऱ्या बाजूनें दुकानदारांनीं आपल्या दारांत पंप बसविले. आज त्या देशांत विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकीं सुमारें ८० टक्के पेट्रोल अशा दुकानवाल्या पंपांवरच विकलें जातें. गंपरचीं दोन पिंपें पुन्हां शेजारीं आलीं तीं अशीं.

वस्तीच्या तक्रारी यामुळें बदलल्या. नुसता पंप सायंकाळनंतर ओस पडे. दुकान आल्यावर माणसांची वर्दळ रात्रभर सुरू झाली. मध्यरात्रीं गाड्यांचीं दारें आपटतात, पांढरा झगझगीत उजेड शेजाऱ्यांच्या खिडक्यांत शिरतो, मद्य मिळत असेल तर टोळकीं उभीं राहतात, आणि गल्ल्यांत रोकड असल्यामुळें लुटीची भीति. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या अमेरिकन नगरसभांपुढील हरकती वाचल्या तर याच गोष्टी पुन्हां पुन्हां येतात. आमच्या ओसरीवरही बहुतेक ह्याच निघाल्या, हें पाहून मला गंमत वाटली. कारण ओसरीवर बसलेल्यांपैकीं कोणी अमेरिका पाहिलेली नाहीं.

पण सर्वांत मोठा अपाय ज्यानें झाला तो या यादींत पुष्कळ वर्षें नव्हताच. जमिनींत पुरलेल्या टांक्या साध्या पोलादाच्या असत. वीस-पंचवीस वर्षांत त्या गंजत आणि सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांतून पेट्रोल गळूं लागे. वर कोणाला दिसत नसे, वास येत नसे, आणि मालकाच्या वहींतही इतकी घट सहज मावून जाई. शेजारच्या विहिरीच्या पाण्याला वास आला म्हणजे मग कळे. १९८४ मध्यें अमेरिकन विधिमंडळानें या टांक्यांसाठीं कायदा केला, १९८८ मध्यें नियम निघाले आणि जुन्या टांक्या सुधारण्यास २२ डिसेंबर १९९८ पर्यंतची मुदत मिळाली. तेव्हांपासून तेथें पांच लक्षांहून अधिक ठिकाणीं गळती सांपडल्याची नोंद आहे. कॅलिफोर्नियांतल्या सँटा मोनिका शहराची गोष्ट तर शाळेंत सांगावी अशी आहे. हवा शुद्ध राहावी म्हणून पेट्रोलमध्यें एक रसायन मिसळीत; तें पाण्यांत फार लौकर विरघळतें. तें गळून जमिनीखालच्या पाण्यांत गेलें, आणि १९९६ मध्यें त्या शहराला आपल्या विहिरी बंद करून पाण्याचा जवळजवळ निम्मा पुरवठा गमवावा लागला. हवेसाठीं केलेला उपाय पाण्याला बाधला.

वाफेचाही असाच प्रकार. पेट्रोलमध्यें बेंझीन असतें आणि त्यानें रक्ताचा कर्करोग होतो हें सिद्ध आहे. टँकर टांकींत तेल ओततो तेव्हां आंतली वाफ बाहेर ढकलली जाते; तिला वाट म्हणून एक उंच नळी ठेवलेली असते. कोलंबिया विश्वविद्यालयाच्या संशोधकांनीं दोन पंपांच्या अशा नळ्यांची प्रत्यक्ष मोजणी २०१८ मध्यें प्रसिद्ध केली, तों पूर्वींच्या अंदाजाच्या दसपट वाफ निघत असल्याचें दिसलें. नियमांतलीं कांहीं अंतरें त्या जुन्या अंदाजावर बेतलेलीं होतीं.

कॅलिफोर्नियांतच पेटालुमा नांवाचें साठ हजार वस्तीचें गांव आहे. तेथें एका मोठ्या किराणा दुकानाच्या आवारांत पंप काढण्याचें ठरलें. समोर प्राथमिक शाळा, बालवाडी आणि मुलांचें खेळाचें मैदान. कित्येक वर्षें वाद चालला, न्यायालयांत खेटे झाले. शेवटीं मार्च २०२१ मध्यें नगरसभेनें सबंध गांवांत नवा पंप काढण्यासच बंदी केली. त्या देशांत असें करणारें तें पहिलें गांव. गांवांत १६ पंप आधींच आहेत, तेवढे पुरेत, हा त्यांचा हिशेब. जुने पंप मात्र त्यांनीं बंद केले नाहींत. आमच्या मंडळींना ही हकीकत फार आवडली. पण मीं त्यांना सांगितलें कीं, विजेच्या गाड्या वाढतील ही आशा धरून तें गांव ठरवीत होतें, आणि आमच्या वस्तींत अशा गाड्या तूर्त तीन आहेत.

आतां आपल्याकडचें. आपल्या देशांत या विषयाचा मूळ कायदा १९३४ चा पेट्रोलियम कायदा. त्याची सारी दृष्टि आगीकडे. परवाना देणाऱ्या स्फोटक-खात्याची स्थापना १८९८ ची, आणि त्याचें मुख्य कार्यालय आपल्या नागपुरास आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. २००२ च्या नियमांप्रमाणें पंप काढणाऱ्यानें आधीं जिल्हाधिकाऱ्याचें ना-हरकत प्रमाणपत्र मिळवावें लागतें. हरकत घेण्याची जागा तीच. शाळा आणि घरें यांपासूनचें अंतर हा प्रश्न फार उशिरां आला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढें प्रकरण गेल्यावर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें ७ जानेवारी २०२० रोजीं मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत असें आहे कीं, नवा पंप शाळा, दहा किंवा अधिक खाटांचीं रुग्णालयें आणि निवासी विभाग यांपासून ५० मीटरच्या आंत नसावा. जागेची अडचण असेल तर स्फोटक-खातें सांगेल ते जादा सुरक्षेचे उपाय करून तो जवळ आणतां येतो. पण कोणत्याही परिस्थितींत ३० मीटरच्या आंत नाहीं. अंतर मोजावयाचें तें तेल ओतण्याचें तोंड, तेल देणारें यंत्र आणि वायुनळी यांपैकीं जें सर्वांत जवळ असेल तेथून.

आगीच्या आणि वाफेच्या पलीकडेही संकटें असतात. १३ मे २०२४ रोजीं मुंबईस घाटकोपर येथें वादळांत एक प्रचंड जाहिरातफलक शेजारच्या पेट्रोलपंपावर कोसळला आणि १७ माणसें दगावलीं. फलक १२० फूट लांब आणि तितकाच रुंद होता. ४० फुटांहून मोठ्या फलकास शहरांत परवानगी नव्हती. त्या दिवशीं पेट्रोलनें कांहींच केलें नाहीं. म्हणून आमच्या अर्जांत मीं फलकाचें एक कलम घातलें आहे.

अर्ज लिहिण्यापूर्वीं मीं विद्यार्थ्याला निरोप पाठविला कीं, नकाशा घेऊन ये. तो आला. शाळेच्या भिंतीपासून आम्ही दोघांनीं फीत धरून मोजणी केली. भोंवतीं मुलें जमलीं होतीं. नकाशांतल्या वायुनळीच्या जागेपासून भिंत ३८ मीटर भरली. पन्नास नाहीं, तीसच्या वर आहे. म्हणजे कायदा होयही म्हणत नाहीं आणि नाहींही म्हणत नाहीं. विद्यार्थी थोडा वेळ नकाशाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, 'गुरुजी, नळी मागच्या कोपऱ्यांत नेली तर?' पुन्हां मोजलें, ४७ आले. मीं त्याला दाखवून दिलें कीं, टँकरचें तोंड अजून पुढेंच आहे, ४१ वर. नियम जवळच्या वस्तूवरून मोजतो. तें तोंडही मागें न्यावयाचें तर टँकर वळण्यास जागा उरत नाहीं, असें तो म्हणाला. तें खरें असावें. मला टँकर वळवितां येत नाहीं.

आमच्या वस्तींत एक सामाईक विहीर आहे. वैशाखांत नळ आटले कीं सारी वस्ती तिच्यावर असते. अर्जांत मीं पहिलें कलम तिचें घातलें: टांकी दुहेरी भिंतीची असावी, आणि पंप सुरू होण्यापूर्वीं एकदां व मग दर वर्षीं मालकाच्या खर्चानें विहिरीचें पाणी तपासावें. दुसरें शाळेचें: मुलें येण्याजाण्याच्या वेळीं टँकर रिकामा करूं नये. तिसरें दिव्यांचें, चौथें फलकाचें. 'पंप मुळींच नको' हें वाक्य घालावें असा कांहीं शेजाऱ्यांचा आग्रह होता. मीं तें लिहून दोनदां खोडलें. शेवटीं त्यांनीं निराळा अर्ज केला, आणि त्यावरही मीं सही केली आहे, कारण ते माझे शेजारी आहेत आणि ३८ मीटरचा आंकडा मलाही फार थोडा वाटतो.

दोन्ही अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरींत पोहोंचले आहेत. चौकशी व्हावयाची आहे. दुकानाच्या वेळेविषयींचें कलम मात्र कोरेंच राहिलें. वस्तींतल्या बहुतेकांचें म्हणणें असें कीं, तें रात्रीं दहाला बंद व्हावें. आमच्या घरींच एकमत झालें नाहीं. सूनबाईंची कामाची पाळी रात्रीं साडेअकराला सुटते, आणि त्या म्हणतात, 'बाबा, त्या वेळेला दुधाची पिशवी आणि थोडा उजेड मिळत असेल, तर तेवढें खोडूं नका.'